स्मूदीसाठी वेगळा ‘बुलेट’ घ्यावा की घरचा मिक्सरच पुरे?

निकाल आधी सांगून टाकलेला बरा. घरात 750 वॉटचा धड चालणारा मिक्सर असेल आणि स्मूदी दोघा-तिघांसाठी करायची असेल, तर दोन-अडीच हजार घालून बुलेट ब्लेंडर (पेला मोटरवर पालथा ठेवून चालणारा छोटा ब्लेंडर) आणण्यात काही अर्थ नाही. एकट्यापुरता एकच पेला, रोज सकाळी, घाईत, आणि मिक्सरच्या भांड्यांना लसणीच्या चटणीचा वास कायमचा चिकटलेला, असा मामला असेल तर मात्र बुलेट घ्यावा. पैसे फिटतात. चार्जिंगवर चालणारी गुलाबी-निळी ब्लेंडर-बाटली कोणी भेट म्हणून दिली तर ठेवावी, विकत आणू नये.

एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ‘गुठळ्या राहतात’, ‘केळं तसंच राहतं’, ‘मोटर गरम होते’ अशा बऱ्याच तक्रारींचा यंत्राशी फारसा संबंध नसतो. माल कोणत्या क्रमाने घातला आणि पातळ पदार्थ किती घातला, यातच घोळ असतो. म्हणून यंत्राचे गुणदोष सांगताना ते कसं चालवायचं तेही सोबत सांगणं भाग आहे.

तुलनेसाठी एकच माप धरू. मोठा पेलाभर, म्हणजे 350 ते 400 मिली स्मूदीसाठी सोललेलं आणि गोठवलेलं केळं 100 ग्रॅम, ताजं फळ 100 ग्रॅम, गोड दही 60 ग्रॅम आणि दूध 120 मिली. या मापाची स्मूदी चमच्यावरून जाड धारेने पडते आणि पेल्यात ओतल्यावर वर आपोआप सपाट होते. सपाट न होता ढीग राहिला तर ती स्मूदी नाही, ते आइसक्रीम झालं. दोन चमचे दूध वाढवा. आणि हो, साखरेचा एक दाणाही न घालता या पेल्यात फळांची आणि दुधाची मिळून तीस-पस्तीस ग्रॅम साखर असते. मध घालण्याआधी हे आठवावं.

मिक्सर

आपल्याकडचा मिक्सर मुळात वाटायला बनला आहे. 1960च्या दशकात आलेल्या सुमीतपासून आजपर्यंत सगळ्यांची घडण तीच: ओलं खोबरं, भिजवलेली डाळ, सुका मसाला यांच्यासाठी जोरदार मोटर, आखूड आणि जाड पाती. परदेशी ब्लेंडरची पाती वर-खाली वळलेली असतात आणि माल उचलून फिरवतात. आपल्या मधल्या भांड्याची पाती माल तळाशी रगडतात. स्मूदीला रगडणं नको असतं, फिरणं हवं असतं. सुदैवाने मोठं, दीड लिटरचं भांडं या कामासाठीच दिलेलं असतं. त्याच्या आतल्या भिंतींना उभ्या पन्हळी असतात, त्या शोभेच्या नाहीत. माल नुसता गोल गोल फिरत राहू नये, भिंतीवर आपटून मध्ये पडावा आणि पुन्हा पात्यांखाली यावा, म्हणून त्या आहेत. गंमत म्हणजे बहुतेक घरांत हेच भांडं माळ्यावर असतं आणि सगळी कामं मधल्या भांड्यावर चालतात.

मोठ्या भांड्याची अडचण एकच, त्याला माल भरपूर लागतो. एका पेल्याचा माल त्यात जेमतेम पात्यांवर येतो, पहिल्याच फटक्यात सगळा भिंतींवर उडतो आणि पाती रिकामी फिरतात. त्यात निदान दोन पेल्यांचं, पण एक लिटरच्या आत करावं. एकच पेला हवा असेल तर मधलं भांडं वापरा. चटणीच्या भांड्यात पातळ पदार्थ घालू नका. त्याचं झाकण पातळासाठी नसतं, दूध झाकणाच्या कडेने बाहेर येतं आणि थेट मोटरच्या डोक्यावर उतरतं.

घालण्याचा क्रम असा: तळाला दूध, मग दही, मग मऊ ताजं फळ, सगळ्यांत वर गोठवलेले तुकडे. पातळ पदार्थ पात्यांजवळ असला की सुरुवातीलाच भोवरा तयार होतो आणि तो वरचे तुकडे एकेक करून खाली ओढतो. उलटं केलं, गोठवलेलं केळं आधी आणि दूध नंतर, तर पाती तुकड्यांत रुतून बसतात, मोटर घूं करून थांबते आणि थोड्या वेळाने खालचं लाल बटण बाहेर येतं. ते आलं म्हणजे मिक्सर बिघडला असं नाही. जास्त भार आल्यामुळे त्याने स्वतःला बंद केलं आहे. प्लग काढा, माल हलवून मोकळा करा, पाच-दहा मिनिटांनी बटण दाबा.

वेग थेट तीनवर नेऊ नये. आधी तीन-चार वेळा बटण उलट्या बाजूला झटक्याने फिरवून सोडायचं, म्हणजे मोठे तुकडे फुटतात. मग एकवर पंधरा सेकंद, दोनवर पंधरा सेकंद, शेवटी तीनवर वीस ते तीस. एकूण काम मिनिटभराचं. मिक्सरवर ‘30 मिनिटं’ असं रेटिंग लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ सलग अर्धा तास चालवा असा नाही. पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद, अशा सहा फेऱ्या असा आहे. स्मूदीला तेवढं लागतच नाही आणि लागू देऊही नये. मिनिटाला 18-20 हजार फेऱ्यांच्या जवळ जाणारी पाती माल तापवतात. दोन मिनिटं चालवलेल्या स्मूदीचा गारवा गेलेला असतो आणि वर दोन बोटं फेस आलेला असतो.

कान उघडे ठेवले तर आत काय चाललंय ते झाकण न उघडता कळतं. माल फिरत असताना आवाज भरलेला, खोल येतो. मध्येच तो एकदम बारीक आणि मोकळा झाला, रिकामं भांडं फिरल्यासारखा, तर पात्यांभोवती हवेची पोकळी झाली आहे. पाती हवेत फिरताहेत आणि माल वर घुमटासारखा अडकला आहे. अशा वेळी वेग वाढवून काही होत नाही, पोकळी आणखी मोठी होते. बंद करा, सिलिकॉनच्या चमच्याने मधला घुमट मोडा, दोन चमचे दूध घाला, एकवर पुन्हा सुरू करा. झाकणाच्या मधल्या बुचातून पाहिलं तर नीट फिरणाऱ्या मालाच्या मध्यभागी रुपयाच्या नाण्याएवढा खळगा दिसतो. तो दिसत असेपर्यंत काळजी नाही.

बुलेट

बुलेटला झाकण नसतं. पात्यांचा संच पेल्याला फिरवून बसवायचा, पेला पालथा करून मोटरवर ठेवायचा आणि दाबून फिरवायचा. त्याच पेल्यातून प्यायचं. या पालथेपणातच त्याचा सगळा गुण आणि सगळी गोची आहे.

गुण असा, की पेला अरुंद आणि पाती पेल्याच्या जवळजवळ पूर्ण रुंदीची. कोपऱ्यात माल अडकायला जागाच नाही. एका पेल्याच्या मापाला बुलेट मिक्सरपेक्षा सरस आहे, यात वाद नाही. 400 ते 600 वॉटचा बुलेट वरच्या मापाची स्मूदी तीस ते चाळीस सेकंदांत एकजीव करतो. धुवायलाही पेला आणि पाती एवढंच.

गोची क्रमाची. मिक्सरची सवय हाताला असल्याने इथेही लोक दूध आधी घालतात. भरताना पेला सुलटा असतो, चालवताना पालथा. म्हणजे शेवटी जे घालाल ते पात्याजवळ येणार. मिक्सरच्या नेमका उलटा क्रम हवा. गोठवलेले तुकडे आधी, त्यावर ताजं फळ, मग दही, आणि दूध सर्वांत शेवटी. पालथा केल्यावर एकदा पेला हलवायचा, म्हणजे दूध पात्यांशी येतं. बुलेटमध्ये ‘केळं तसंच राहतं’ ही तक्रार एवढ्याने जाते.

पेल्यावरच्या कमाल रेषेपर्यंतच भरा. वर मोकळी जागा नसेल तर माल हलत नाही, आणि फेस फुगला की दाब पात्यांच्या आट्यांतून वाट काढतो. गरम दूध, गरम कॉफी, सोडा, यांतलं काहीही बुलेटमध्ये घालू नये. पेला हवाबंद असतो. वाफ किंवा वायू बाहेर पडायला वाट नसते आणि पेला उघडताना सगळं तोंडावर येतं. मिक्सरच्या झाकणाला बूच असतं, बुलेटला तेही नाही.

एका वेळी मिनिटभरापेक्षा जास्त चालवू नये, नंतर दोन मिनिटं विश्रांती. लहान मोटर, कोंदट जागा, त्यामुळे ती मिक्सरच्या मोटरपेक्षा लवकर तापते. जळक्या वार्निशचा वास आला तर लगेच सोडा. नुसता बर्फ फोडायला, सुका मसाला दळायला किंवा गाजर-बीट कोरडं वाटायला 400 वॉटचा बुलेट वापरणं म्हणजे त्याचं आयुष्य स्वतःच्या हाताने कमी करणं.

आता दुकानात कोणी न सांगणारी गोष्ट. पेल्याच्या कडेला तीन खुंट्या असतात. त्या मोटरवरच्या खाचांत जाऊन आतले दट्टे दाबतात, तेव्हा मोटर चालते. पेला पडून एखादी खुंटी तुटली की तो पेला गेला. आणि पात्यांच्या रिंगमधून गोड दूध झिरपत राहिलं की ते त्याच खाचांत उतरतं, वाळून चिकट होतं आणि दट्टा खालीच अडकतो. मग पेला काढला तरी मोटर बंद होत नाही. म्हणून रोज काम झालं की प्लग काढून या तीन खाचा ओल्या, पिळलेल्या फडक्याने पुसायच्या. दोन मिनिटांचंही काम नाही, पण बरेच बुलेट याच कारणाने दुरुस्तीला जातात.

गळती सुरू झाली तर आधी सिलिकॉनची रिंग पाहा. धुताना ती निघते आणि सिंकच्या जाळीत जाते, किंवा उलटी बसते. रिंग जागेवर असून गळत असेल तर आटे तिरके बसले आहेत. फार जोर लावून घट्ट करण्याचीही गरज नाही; गार मालामुळे आतली हवा आकसते आणि पात्यांचा संच पेल्याला धरून बसतो. सुटत नसेल तर पाच मिनिटं तसाच ठेवा आणि कोरड्या फडक्याने फिरवा.

दुरुस्ती

इथे मिक्सर सहज जिंकतो. भांड्यातल्या पात्यांच्या दांड्याभोवतीचा बुश झिजला (खूण: भांड्याच्या तळाला काळपट ओल), मोटर आणि भांडं जोडणाऱ्या कपलरचे दात झिजले (खूण: मोटर फिरते, पाती फिरत नाहीत), झाकणाचं रबर सैल झालं, यांतलं काहीही कोणत्याही तालुक्याच्या गावात त्याच दिवशी होतं. बुलेटच्या पात्यांचा संच मात्र त्याच कंपनीचा आणि त्याच मॉडेलचा लागतो. यंत्र घेण्याआधी त्याचा सुटा संच आणि सुटा पेला विकत मिळतो का, ते पाहा. मिळत नसेल तर ते यंत्र कितीही देखणं असो, सोडून द्या.

बाकीची यंत्रं, थोडक्यात

चार्जिंगच्या बाटलीत मोटर नावापुरती असते. पिकलेलं केळं आणि दूध जमतं, म्हणजे जे काट्याने कुस्करूनही जमतं ते. गोठवलेला तुकडा पात्यात आला की लाल दिवा लुकलुकतो आणि काम थांबतं. शिकरण करायला यंत्र लागत नाही.

हँड ब्लेंडर वाईट नाही, पण भांडं उंच आणि अरुंद हवं, आणि फळ गोठवलेलं नको. अर्धवट वितळलेलं चालेल. दांडा तळाला टेकवून सुरू करायचा, मग हळूहळू वर घ्यायचा. चालू असताना पाती मालाबाहेर आली की स्वयंपाकघराच्या फरशा पुसत बसावं लागतं.

दीड हजार वॉटच्या आसपासचे मोठे ब्लेंडर, माल खाली ढकलायच्या लांब दट्ट्यासकट, स्मूदी खरोखरच वेगळी करतात; अंजिराच्या बिया आणि पालकाचे रेषेही हरवतात. किंमत मात्र अनेक पटींनी जास्त आणि आवाज शेजाऱ्यांपर्यंत. रोज चार-पाच पेले होत असतील तरच विचार करावा.

फळं: यंत्र कोणतंही असो, इथे चुकतं

गोठवण्यापासून सुरू करू, कारण चांगल्या स्मूदीचं निम्मं काम आदल्या दिवशी होतं. केळं साल काढूनच गोठवायचं. सालीसकट गोठवलं तर काळी साल नखांनी खरवडत बसावी लागते. दोन सेंटिमीटरच्या चकत्या ताटलीत एकमेकींना न चिकटता पसरायच्या, तीन-चार तास फ्रीझरमध्ये ठेवायच्या आणि मग पिशवीत भरायच्या. थेट पिशवीत भरलं तर सकाळी हातात केळ्याची वीट येते, आणि ती वीट फोडताना पाती किंवा कपलर यांपैकी एकाचा बळी जातो. केळं ठिपके पडलेलं, पूर्ण पिकलेलं हवं. हिरवट टोकाच्या केळ्याने स्मूदी पिठूळ लागते. वेलची केळं गोडीला उत्तम, पण लहान असतं. शंभर ग्रॅमला दोन-तीन लागतात.

बर्फ शक्यतो नको. चार खडे म्हणजे ऐंशी ते शंभर मिली पाणी, आणि ते पेल्यातच विरघळतं. गारव्यासाठी फळच गोठवावं.

दुधाचं की दह्याचं, याचा नियम सोपा आहे. गोड फळाला दूध, आंबट फळाला दही. आंबा, चिकू, केळं दुधात चांगली. स्ट्रॉबेरी, अननस, संत्रं दह्यात. विरुद्ध आहाराचा मुद्दा घरातली वडीलधारी मंडळी काढतीलच. तो बाजूला ठेवला तरी पेल्यात काय होतं ते दिसतंच. दुधातली प्रथिनं आंबटपणाने गोळा होतात आणि पेल्याच्या काचेवर पांढरे कण चिकटतात. दही आधीच विरजलेलं असल्यामुळे त्याला हा त्रास नाही. दही मात्र गोड, घट्ट हवं; पाणी सुटलेलं असेल तर फडक्यात अर्धा तास टांगा.

पपईने सगळ्यांत जास्त लोकांना फसवलं आहे. पपई-दुधाची स्मूदी केल्या केल्या छान लागते, अर्ध्या तासाने कडू. दूध नासलेलं नसतं. पपईतलं पपेन हे विकर (एन्झाइम) दुधातली प्रथिनं तोडतं आणि तुटलेले तुकडे कडू लागतात. ताज्या अननसातलं ब्रोमेलेन आणि किवीतलं ॲक्टिनिडिनही हेच करतात. उपाय तीन. एक, केल्याबरोबर पिऊन टाका. दोन, फोडी वाफवून किंवा शिजवून, गार करून घाला. उष्णतेने विकर निकामी होतं. डब्यातला अननस म्हणूनच बिनत्रासाचा असतो. तीन, दूध-दही बाजूला ठेवून शहाळं वापरा. शहाळ्याची कोवळी मलई 60 ग्रॅम आणि त्याचंच पाणी 120 मिली, सोबत गोठवलेला अननस 200 ग्रॅम. प्रथिनं जेमतेम, त्यामुळे कडूपणाचा प्रश्न नाही, आणि दाटपणा दह्यासारखाच. या यादीतला हा प्रकार सर्वांत चांगला, असं आमचं मत.

हापूसचा गर नितळ असतो, त्याला काही करावं लागत नाही. मध्यम फळातून दीडशे ग्रॅमच्या आसपास गर निघतो. रायवळ आंबा चवीला थोर, पण त्याचे रेषे पात्यांच्या दांड्याला गुंडाळतात आणि धुताना सुरीने कापून काढावे लागतात. तो आधी पिळून, आमरसाच्या चाळणीतून काढून मग भांड्यात घाला. डब्यातल्या रसात बहुधा साखर घातलेली असते. लेबल वाचून केळं कमी करा.

चिकू पूर्ण मऊ हवा. अर्धकच्चा चिकू नुसता खाताना चालून जातो, पण वाटल्यावर त्याचा तुरटपणा सगळ्या पेल्यात पसरतो आणि जीभ खडबडीत होते. साल काढाच, ती रवाळ लागते. घोलवड-डहाणूचा चांगला पिकलेला चिकू, दूध आणि एक भिजवलेला खजूर, एवढं पुरे. केळं घालून त्याची चव मारू नका.

सीताफळाच्या बिया कोणत्याही परिस्थितीत पात्यांखाली जाता कामा नयेत. त्या फुटल्या तर पोटाला त्रासदायक असतात. ‘पल्सवर फिरवलं की बिया वेगळ्या होतात’ हा सल्ला सर्रास दिला जातो. पात्यांना बी आणि गर यांतला फरक कळत नाही. गर चाळणीवर, वाटीच्या तळाने घासून काढा. सफरचंदाच्या बियाही काढून टाका.

डाळिंब आणि मोसंबी, दोन्ही कडू होतात, पण कारणं वेगळी. डाळिंबाच्या दाण्यातली पांढरी बी वेगात फुटून भुकटी होते आणि घशाला लागते. दाणे वेगळे, थोड्या पाण्याबरोबर, नुसते दोन-तीन झटके देऊन फिरवा, गाळा आणि रसच स्मूदीत घाला. मोसंबी-संत्र्याची पांढरी साल, पाकळीची पापुद्री आणि बी यांच्यातून लिमोनिन हे कडू द्रव्य तयार होतं. रस काढल्यावर काही वेळाने ते चवीला उतरतं, म्हणून सकाळी करून डब्यात नेलेली मोसंबीची स्मूदी दुपारी कडू लागते. फोडी पापुद्र्यासकट टाकण्यापेक्षा सोलून टाका, आणि ठेवायची असेल तर मोसंबी नकोच. पेरूच्या बिया मिक्सरमध्ये किंवा बुलेटमध्ये नीट वाटल्या जात नाहीत. गर चमच्याने वेगळा करा, बियांचा भाग थोड्या दुधात फिरवून गाळून घ्या.

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी धुताना हिरवा देठ ठेवून धुवावी, मग काढावा. देठ आधी काढला तर फळ पाणी पितं आणि चव फिकी पडते. स्ट्रॉबेरी-केळं ही जोडी सगळीकडे दिसते. त्याबद्दल 2023 साली इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या आणि डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. केळं काळं पाडणारं विकर बेरीवर्गीय फळांतली फ्लॅव्हनॉल नावाची उपयुक्त द्रव्यं मोडतं, असं त्यात दिसलं. केळ्याची स्मूदी पिणाऱ्यांच्या रक्तात या द्रव्यांची पातळी, ती द्रव्यं नुसत्या कॅप्सूलमधून घेणाऱ्यांपेक्षा 84 टक्क्यांनी कमी भरली. प्रयोग लहान होता आणि केळं वाईट असं त्याचं म्हणणं नाही. पण स्ट्रॉबेरीची स्मूदी त्या द्रव्यांसाठीच करत असाल तर दाटपणाला केळ्याऐवजी दही वाढवा किंवा आंबा घाला. चवीसाठी पीत असाल तर जोडी मोडायचं कारण नाही.

वरून घालायचं

जवस अख्खा टाकला तर अख्खाच बाहेर पडतो. चटणीच्या भांड्यात कोरडा, किंचित भाजून दळा आणि एका पेल्याला दोन चहाचे चमचे घाला. खजूर कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवून, बी काढून, चार तुकडे करून. न भिजवलेला खजूर बुलेटच्या पात्यावर गोळी होऊन बसतो. बदाम रात्रभर भिजवलेले, आणि ते आधी फक्त दुधाबरोबर फिरवून घ्यायचे, बाकी माल नंतर. ओट्स दोन चमच्यांच्या वर नको. दहा मिनिटांत स्मूदीची खीर होते. सब्जा वाटायचा नसतो. पंधरा मिनिटं भिजवून तयार पेल्यात ढवळायचा.

धुणं आणि वास

स्मूदी वाळू देऊ नका, केळं सिमेंटसारखं धरतं. ओतून झाल्याबरोबर अर्धं भांडं कोमट पाणी आणि साबणाचे दोन थेंब घालून दहा सेकंद फिरवा. बुलेटमध्ये पाणी साधंच घ्या, गरम नको. पात्यांचा संच पाण्यात बुडवून ठेवू नये. पाणी बेअरिंगमध्ये जातं, गंज धरतो, आणि काही दिवसांनी स्मूदीत करडी रेघ दिसू लागते.

मिक्सरच्या भांड्याला लसूण-मसाल्याचा वास येतो तो स्टीलला नसतो. तो झाकणाच्या रबरात असतो. रबर काढून खायच्या सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवा, उन्हात वाळवा. तरीही राहिला तर स्मूदीसाठी दुसरं रबर घेऊन वेगळं ठेवा. दुकानात जाताना जुनं रबर सोबत न्या. एकाच कंपनीच्या दोन भांड्यांचे घेरही वेगळे असतात, आणि सैल रबर घेतलं तर तीनच्या वेगावर झाकणाच्या कडेने पहिली धार थेट तुमच्या शर्टावर येते.